धुऱ्यावरचा भोंगा आणि सखाबाईचं गाणं

सखाबाईचा आवाज गोड नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वंगण संपलेल्या बंडीच्या चाकासारखा होता. पण तलावाच्या या काठावर तिनं तोंड उघडलं की त्या काठावरच्या म्हशी माना वर करायच्या. तिचा नवरा इश्वर सांगायचा, "मी हिले पाह्यलीच नाई. नुसती आयकली अन् हो म्हनलं." सखाबाई चुलीपासून ओरडायची, "पाह्यली असती तं नाई म्हनला असता, म्हनून माह्या बापानं आयकवली!"

आमचं गाव सानगडीपासून दोन कोसांवर. सगळं धानाचं. धानाला बांध घातलेलं शेत म्हणजे बांधी, आणि बांध म्हणजे धुरा. आषाढ-श्रावणात गावातली एकही बाई घरी सापडत नसे. वाफ्यात वाढवलेली कोवळी रोपं, म्हणजे पऱ्हे, उपटायचे, त्यांच्या पेंढ्या बांधायच्या, आणि बांधीच्या चिखलात एकेक रोप हातानं रोवत जायचं. वीस बाया एका ओळीत वाकायच्या आणि मागे मागे सरकायच्या. या रोवण्यात ओळीचं टोक असे, आणि त्या टोकाला सखाबाई असे.

टोकाची जागा म्हणजे काही बसायचा पाट नव्हे, चिखल तिथंही तेवढाच. पण पहिलं रोप टोकाची बाई रोवायची, आणि तिच्या गाण्यावर बाकीच्या चालायच्या. सखाबाईला शेती नव्हती. नवरा दम्यानं बसलेला, घरावर कवेलू, म्हणजे कौलं, निम्मीच. वर्षाचे अकरा महिने तिला कोणी "ये बस" म्हणत नसे. बाराव्या महिन्यात मात्र ती टोकाला उभी राहिल्याशिवाय गावातली एक बांधी हिरवी होत नसे. तिचा सगळा मान त्या दोन हात जागेत होता, आणि तो तिला माहीत होता. नाक जरा वरच धरून चालायची त्या महिन्यात.

गाणं असं चालायचं. ती एक ओळ म्हणायची, की आम्ही सगळ्या मिळून "वो बाईऽऽ" म्हणून लांब ओढायचो. तिची गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वगैरे नव्हती. ती सकाळी बनायची आणि संध्याकाळी विसरली जायची. गावात काल काय झालं, ते आज बांधीत.

मालक आले धुऱ्यावरी, वो बाईऽऽ
छत्री काळी डोईवरी, वो बाईऽऽ
छत्रीखाली पोट मावे, वो बाईऽऽ
मालक भिजे बाहेर गा, वो बाईऽऽ

आणि मालक, म्हणजे मधुकरराव, खरंच धुऱ्यावर भिजत उभे असायचे. रोवण्यात गाण्यानं मारलेलं मनावर घ्यायचं नाही, अशी रीतच होती. त्यामुळं ते हसल्यासारखं करायचे.

आता मुरारीचं सांगते. मुरारी तलावात जाळं टाकणाऱ्या घरचा. बाप म्हणाला जाळं सांभाळ, तर यानं जाळं धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं आणि साकोलीहून माइकसेट आणला. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. पितळी रंगाचा भला मोठा भोंगा, धोत्र्याच्या फुलासारखा. तोपर्यंत आमच्याकडे लग्नात सनई-डफडं वाजायचं, आणि वाजवणारे दमले की थांबायचं. भोंगा दमत नसे. पहिल्या वर्षी लोक भोंगा बघायला लग्नाला गेले. दुसऱ्या वर्षी तो प्रत्येक लग्नात आला. तिसऱ्या वर्षी एका घरी भोंगा लावला नाही, तर शेजारच्या गावचे पाहुणे मांडवात शिरायच्या आधी हळूच विचारून गेले, कोणी वारलं का म्हणून.

भोंग्याखाली बोलायचं तर ओरडावं लागे. मग भोंगा बंद झाला तरी लोक ओरडूनच बोलू लागले. आमच्या शेजारणीचं आणि तिच्या नवऱ्याचं भांडण आधी आम्हाला भिंतीला कान लावून ऐकावं लागायचं. भोंग्यानं तिचा आवाज इतका सुधारला, की आम्ही आपापल्या खाटेवरूनच ऐकू लागलो. भजनी मंडळानं देवाचे शब्द सिनेमाच्या चालीवर बसवले. देवाला चाल ओळखू आली की नाही ठाऊक नाही. आम्हाला यायची. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं झाडाभोवती फिरणारी नटी.

तरी ती आधीची गाणी सावकाश होती, झोपाळ्यासारखी. ब्याऐंशीच्या सुमारास मुरारीनं कॅसेटी आणल्या त्या डिस्कोच्या. ढिंग ढिंग ढिंग ढिंग, मध्ये श्वास नाही. पोरं चालताना खांदे उडवायला लागली. माझी धाकटी नणंद बेबी, तेव्हा लग्नाची होती, ती तलावावरून घागर आणताना मान हलवायची. एक दिवस अर्धी घागर अंगावर घेऊन आली. सासूबाई म्हणाल्या, "पानी आनाले गेल्ती का आंग धुवाले?"

त्याच साली मधुकररावांनी पेपरात एक बातमी वाचली. भंडाऱ्याहून पेपर त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी यायचा, पण ते तो ताजा असल्यासारखा वाचायचे. कुठल्या तरी परमुलखात गोठ्यात बाजा वाजवतात आणि गाई जास्त दूध देतात, अशी ती बातमी. ते चार दिवस विचारात होते. पाचव्या दिवशी त्यांनी मुरारीला बोलावलं. मी तेव्हा त्यांच्या अंगणात तांदूळ निवडत होते, म्हणून कानांनी ऐकलेलं सांगते.

"मुरारी, गाई गानं आयकून जास्त दूध देतात म्हने."

"देत असतीन, मालक. माह्याकडं गाय नाई."

"अरे, गाईचं कोन सांगून राह्यलं? बायाइचं सांगून राहिलो मी. रोवन्याले किती दिवस खातात! सखाबाई वो बाई, वो बाई करत बसते अन् बांधी तिथंच. तू भोंगा आन. डिस्को लाव. मंग पाह्य, हात कसे चालतात ते."

मुरारीचा भोंगा आषाढात रिकामाच. लग्नं बंद, गणपती लांब. तो लगेच हो म्हणाला. गाईला जसं कोणी विचारलं नव्हतं, तसं आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी बांधीवर गेलो तर धुऱ्याजवळच्या मोहाच्या झाडाला भोंगा बांधलेला. खाली बंडीत मशीन, ट्रॅक्टरची बॅटरी, आणि वर पॉलिथिन धरून मुरारी. सखाबाई नेहमीसारखी टोकाकडे निघाली. मधुकररावांनी छत्रीनं तिला अडवलं.

"सखाबाई, आजपासून गान्याचं काम नाई. तुमी पेंढ्या वाहा."

पेंढ्या वाहणं, म्हणजे ओळीतल्या बायांना पऱ्ह्यांच्या पेंढ्या नेऊन देणं, हे काम ज्यांची कंबर गेली अशा म्हाताऱ्यांचं, नाहीतर शेंबड्या पोरींचं.

"पेंढ्या?" सखाबाई म्हणाली.

"हाव. तुमचं वय भी झालं आता."

"वय तं तुमच्या मायचं भी झालं, मालक. तिले काहून नाई सांगत पेंढ्या वाहाले?"

आम्ही हसलो. पण तेवढ्यात मुरारीनं बटण दाबलं आणि आमचं हसणं आम्हालाच ऐकू आलं नाही. सखाबाईनं पदर खोचला, आणि पेंढ्या उचलल्या. टोकाला बेबीला उभं केलं, का तर ती सगळ्यांत जास्त उड्या मारणारी.

आता खोटं कशाला लिहू? मजा आली. मलाही आली. कमरेला कळायच्या आत कंबर हलायला लागली. ढिंग म्हटलं की रोप, ढिंग म्हटलं की रोप. एरवी दिवसभरात एक बांधी व्हायची, त्या दिवशी दोन झाल्या. मधुकरराव धुऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते, आणि मी शप्पत सांगते, त्यांचीही छत्री तालावर हलत होती. सखाबाई पेंढी टाकायला जवळ यायची तेव्हा तिचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटलं, चला, हिलाही डिस्को आवडला.

दोन दिवस असं झालं. गावभर मधुकररावांच्या डोक्याची तारीफ. दुसऱ्या गावच्या शेतकऱ्यांनी मुरारीला पुढच्या तारखा विचारल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या पाटाचं पाणी बांध्यांत सोडलं, आणि जरासा वारा सुटला. फार नाही, धोतर हलेल एवढा. आम्ही पोचलो तर चारही बांध्या उघड्या. नुसतं पाणी, त्यात ढग दिसत होते. आणि सगळे पऱ्हे एका कोपऱ्याला जाऊन गोळा झालेले, अंगावरची गोधडी कोणी पायानं ढकलावी तसे. एक बगळा त्यावर उभा होता आणि बुडत नव्हता.

मधुकरराव म्हणाले, "पऱ्हे कच्चे होते."

मुरारी म्हणाला, "मालक, माह्या मशीनचा आवाज तं बराबर होता."

"मंग काय, बांधी वाकडी होती?" सखाबाई डोक्यावरची पेंढी न उतरवता म्हणाली. "दोन दिवस ओरडून राहिली मी, अंगठा दाबा, अंगठा दाबा. आयकलं कोनं?"

तेव्हा मला कळलं ते ओठ कशाला हलत होते. सखाबाईनं मला हाताला धरून पाण्यात वाकवलं. "गोदे, रोव एक. अन् म्हन."

मी एक ओळ म्हटली. बोटांनी रोपाचं मूळ चिखलात घातलं. मग "वो बाईऽऽ" आलं, आणि माझा अंगठा आपोआप खाली गेला आणि त्यानं मुळाभोवतीचा चिखल दाबला. वीस वर्षं रोवणा करत होते, पण अंगठा कधी दाबते ते मला ठाऊक नव्हतं. गाण्याला ठाऊक होतं. डिस्कोत ती जागाच नव्हती. आम्ही दोन दिवस रोपं रोवली नव्हती, चिखलाला नुसती टेकवून आलो होतो.

पाण्यातले पऱ्हे अजून जिवंत होते. ते वेचून चार-पाच दिवसांत पुन्हा रोवले तर धान वाचणार होतं. वाफ्यात दुसरे उरले नव्हते. हे गेले तर मधुकररावांचं वर्ष गेलं असतं, आणि त्याबरोबर आमची कापणीची कामंही.

संध्याकाळी मधुकरराव स्वतः सखाबाईच्या घरी आले. सकाळची सखाबाई संध्याकाळी काकू झाली होती.

"काकू, उद्या तुमच्या टोकावर या."

सखाबाई सुपात कोंडा पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "येईन. पन भोंग्यावर गाईन."

मी तिथंच होते, मला वाटलं ही चेष्टा करते. नव्हती करत.

"तुले कायले पाहिजे तो भोंगा?" मी नंतर विचारलं. "त्यानंच तं तुले पेंढ्या वाहाले लावलं!"

"इतके वर्स मी चिखलात तोंड घालून गाईली, गोदे. म्हशीइनं आयकलं. एक डाव मानसाइनं आयकावं." मग जरा थांबून म्हणाली, "त्या बेबीले लोकं पाहून राहिले होते. मले नाई पाह्यलं कोनं."

मधुकररावांना काय, गाणंही मिळालं आणि भोंगाही फुकट गेला नाही. दुसऱ्या दिवशी सखाबाई आली ती डोक्याला तेल चोपडून, पेटीतलं लग्नाकार्याचं हिरवं लुगडं नेसून. मुरारीनं बंडीत पोत्यावर पोतं टाकून तिला आसन केलं आणि माइक हातात दिला. तिनं तो आधी हुंगला.

पहिली ओळ भोंग्यातून निघाली तेव्हा मोहाच्या झाडावरचे बगळे उडाले. सखाबाई दचकून गप्प झाली आणि कोण ओरडलं म्हणून मागं वळून बघू लागली. मग तिला कळलं की हे आपणच. तलावापलीकडून तोच आवाज परत आला. त्यानंतर बाईला आवरणं कठीण होतं.

सुरुवातीला ठीक चाललं. ती ओळ म्हणे, आम्ही "वो बाईऽऽ" म्हणू, अंगठा दाबू. पण पाच-सात ओळी झाल्या आणि मुरारी तिच्या कानाशी वाकला. माइक चालूच होता, त्यामुळं त्याचं गुपित सगळ्या शिवारानं ऐकलं.

"मावशी, मंधात थांबू नोका. भोंगा मुका झाला की लोकाइले वाटते बॅटरी उतरली."

"मी कुठं थांबली? बाया वो बाई म्हनून राहिल्या."

"ते तुमाले आयकू येते. भोंग्याले नाई."

सखाबाईला ते पटलं. पटणारच, भोंगा हातात असला की पटतं. तिनं आमची "वो बाई" येण्याआधीच पुढची ओळ टाकायला सुरुवात केली. वाकलेली नव्हती, दम भरपूर. एकावर एक ओळी. मधुकररावांचं पोट झालं, ग्रामसेवकाची सायकल झाली, शेजारणीचं भांडण झालं. आमची "वो बाई" त्याखाली कुठं गेली कळलंही नाही. आम्ही हसत होतो आणि भराभर रोवत होतो.

मला कसा कोण जाणे, संशय आला. मी आत्ताच रोवलेलं रोप दोन बोटांनी वर उचललं. ते उदबत्तीसारखं अलगद निघून हातात आलं.

मी ओरडले. सखाबाईनं मला हात हलवून दाखवला, तिला वाटलं मी वाहवा करतेय. मग मी ते रोप घेऊन चिखलातून निघाले, धुऱ्यावर चढले आणि तिच्या नाकासमोर धरलं. मुळाला चिखलाचा कणही नव्हता.

"कोनं रोवलं हे?" भोंगा गरजला. "हात तुटले का तिचे?"

"तूच," मी म्हटलं. तेही भोंग्यातून गेलं.

"मी? मी तं इथं बसली!"

"हाव. म्हनूनच."

गुरं राखणारे थांबले. पलीकडच्या बांधीतल्या बाया सरळ उभ्या राहून आमच्याकडे पाहायला लागल्या. सखाबाईला हवं होतं तसं आता खरंच सगळी माणसं तिला ऐकत होती. तिनं ते रोप माझ्या हातातून घेतलं, खालीवर पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताचा अंगठा पाहिला. कोरडा. रोवण्याच्या दिवसांत तिचा अंगठा कोरडा मी पहिल्यांदाच पाहिला, बहुतेक तिनंही.

"बंद कर रे," ती मुरारीला म्हणाली.

मुरारीनं मधुकररावांकडे पाहिलं. ते लगबगीनं आले. "चालू द्या काकू, काऊन बंद करता? जरा हळू म्हना, झालं!"

"बसून हळू होत नाई, मालक. कंबर वाकली का आवाज आपला हळू होते. तुमी वाकून पाहा एक डाव."

मधुकररावांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडला.

सखाबाई बंडीतून उतरली. हिरवं लुगडं वर खोचायचीही तिनं वाट पाहिली नाही, तशीच गुडघाभर चिखलात गेली. टोकाला बेबी होती. सगळ्या बाया बघत होत्या, कारण जागा सोडून गेलेली बाई परत आली तर तिला ती द्यायची की नाही, याचा काही नेम नव्हता. आणि बेबी माझीच नणंद, तिचं नाक मला ठाऊक.

"मावशी, जागा तुमची," बेबी म्हणाली. "पन गानं ते पाहिजे."

"कोनतं?"

"परवाचं. डिस्को."

"तुह्या डिस्कोनं चार बांध्या बुडवल्या, पोट्टी!"

"तं काय झालं? तुमी भी आत्ता अर्धी बुडवलीच ना!"

मी मान खाली घातली. बाकीच्या बाया बेबीच्याच बाजूच्या होत्या. दोन दिवसांत ती चाल सगळ्यांच्या कमरेत शिरली होती, आणि शिरलेली चाल हाकलून जात नाही. सखाबाईनं ओळीवरून एकदा नजर फिरवली. वीस बाया, त्यातल्या निम्म्या बेबीच्या वयाच्या. मला वाटलं ही आता रागानं घरी जाते. ती वाकली, आणि तिनं पहिलं रोप हातात घेतलं.

"म्हन, कसं आहे ते."

बेबीनं चाल म्हणून दाखवली. सखाबाईनं ती तोंडात घोळवली, हळू केली, त्यात मुरारीची बॅटरी आणि मालकाची गाय घातली, आणि ओळीच्या शेवटी गाणं थांबवून आमची वाट पाहिली.

"वो बाईऽऽ," आम्ही म्हटलं. वीस अंगठे खाली गेले.

बंडीतून मुरारी उभा राहून ओरडला, "मावशी, असं नाई ते! गानं बिघडवून राहिल्या तुमी!"

"बिघडू दे! तुह्या बापानं रोवलं होतं का?"

चार दिवसांत चारही बांध्या, ती वाया गेलेली अर्धीसुद्धा, पुन्हा रोवल्या. एकही रोप तरंगलं नाही. मधुकररावांनी पुढं लोकांना सांगितलं की बाजा लावल्यानं रोवणा चांगला होतो हे त्यांनी स्वतः करून पाहिलं आहे. पेपरवाल्यांनी मात्र त्यांना विचारलं नाही.

सखाबाई पुढं आठ वर्षं टोकाला होती. दर साली मुरारी नव्या कॅसेटी आणायचा, दर साली बेबीसारख्या पोरी चाली घेऊन बांधीत यायच्या, आणि दर साली ती त्या हळू करायची. बेबी लग्न होऊन आसगावला गेली, तिथंही सखाबाईचंच ते गाणं म्हणायची. तिची पोरगी पाच वर्षांची असताना उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. अंगणात सासूबाईंशेजारी सखाबाई बसलेली, घरात रेडिओ लावलेला. त्यावर ते जुनं डिस्को लागलं, ब्याऐंशीचं, जसंच्या तसं. पोरीनं थोडा वेळ ऐकलं, तोंड वाकडं केलं आणि बाहेर येऊन सासूबाईंना म्हणाली, "आजी, रेडिओवाला सखाआजीचं गानं बिघडवून राहिला."

सखाबाईनं कान दिला. "हाव वो," ती म्हणाली. "घाई करते बिचारा. शिकन हळूहळू."